कुत्र्याचं लाजिरवाणं वागणं: घरी पहिल्यांदा कुत्रा आणलेल्यांसाठी मार्गदर्शक

पाहुणे सोफ्यावर टेकतात न टेकतात तोच कुत्रा त्यांच्या मांडीत नाक खुपसतो. पिल्लू मामांच्या पायाला मिठी मारून कंबर हलवू लागतं. सोसायटीच्या आवारात चारचौघांदेखत ढुंगण घासत पुढे सरकतं, नाहीतर बाथरूमच्या कचऱ्यातलं नको ते तोंडात धरून हॉलमध्ये मिरवतं. पहिल्यांदा कुत्रा आणलेल्या जवळपास प्रत्येक घरात हे घडतं. मात्र लसीबद्दल आणि खाण्याबद्दल मोकळेपणाने विचारणारी माणसं याबद्दल विचारायला संकोचतात. मग कुणी सांगतं, एक फटका द्या. कुणी म्हणतं, नसबंदी केली की सगळं थांबतं. एवढ्या कारणावरून कुत्रा गच्चीवर साखळीला बांधलेला किंवा गावाकडच्या शेतावर पाठवून दिलेला मी पाहिला आहे. ते टळावं म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या घरी देशी कुत्री आहे, चिमी. बहिणीचा लॅब्रॅडॉर, बंड्या, हाही अर्धाअधिक आमच्याकडेच वाढला. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं या दोघांनी आम्हाला दाखवलं आहे. त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. लाज वाटली की आपण समोरच्या माणसाला दाखवण्यासाठी काहीतरी करतो, ओरडतो, ओढतो, चापट मारतो, आणि कुत्र्याला काय झालंय हे बघायचं राहून जातं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी शरीर तपासा, मग वागण्याच्या लगेच आधी काय घडलं ते बघा, आणि शेवटी त्याला त्या जागी दुसरं काहीतरी करायला शिकवा.

हाताशी काय असावं

- लसीकरणाचं कार्ड. त्यावर रेबीजची लस, तिची पुढची तारीख आणि जंताचं औषध कधी दिलं ते लिहिलेलं असावं. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो आणि त्यासाठीही रेबीज लसीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं.
- एक वही आणि मोबाइलचा कॅमेरा. घरी दिवसातून दहादा होणारी गोष्ट कुत्रा डॉक्टरांच्या टेबलावर करून दाखवत नाही, तेव्हा व्हिडिओ उपयोगी पडतो.
- पाच-सहा फुटांचा साधा पट्टा आणि छातीवर बसणारा हार्नेस. बटण दाबून लांब होणारा पट्टा या कामाचा नाही.
- शू साफ करायला एन्झाइमवालं क्लीनर. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं.
- पायाने उघडणारी, झाकणाची कचरापेटी.
- बक्षिसासाठी हरभऱ्याएवढे तुकडे: उकडलेलं चिकन किंवा पनीर. मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी आहे.
- शी उचलायच्या पिशव्या, कायम खिशात.

१. आठवडाभर फक्त नोंद ठेवा

वहीत प्रत्येक प्रसंगाच्या चार गोष्टी लिहा: किती वाजता, समोर कोण होतं, त्याच्या आधीच्या मिनिटभरात काय झालं, आणि त्यानंतर कुत्र्याला काय मिळालं. चौथा रकाना लोक सोडून देतात, आणि नेमकं उत्तर बहुधा तिथेच असतं. बंड्या पाहुण्यांच्या पायावर चढला की मुलं खिदळायची, आजी ‘हाड हाड’ करायची, भाऊजी त्याला दोन्ही हातांनी ढकलायचे. त्याच्या दृष्टीने चार माणसं एकदम त्याच्याशी खेळायला आली! शांत बसल्यावर मात्र त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. वहीत हे सलग लिहिलेलं दिसलं तेव्हा घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी ते पटलं.

२. शरीराचं कारण आधी बाजूला काढा

ही पायरी गाळू नका. दुखण्यामुळे होणारं वागणं कितीही शिकवलं तरी जात नाही.

ढुंगण घासत सरकणं हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात ४ आणि ८ असतात साधारण त्या जागी, त्वचेखाली दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत सडक्या मासळीच्या वासाचा पातळ स्राव साठतो. शी घट्ट असेल तर ती बाहेर पडताना दाबाने पिशव्या रिकाम्या होतात. पोट सतत बिघडलेलं असेल, शी पातळ असेल, तर त्या भरून ठसठसतात आणि कुत्रा जमिनीला घासू लागतो. घाबरल्यावरही हा स्राव अचानक सुटतो. लिफ्टमध्ये एकाएकी असह्य वास आला तर तो बहुधा याचाच असतो.

दुसरं कारण पट्टकृमी. शेपटीखालचे केस बाजूला करून उजेडात बघा. तांदळाच्या दाण्याएवढे चपटे पांढरे तुकडे चिकटलेले दिसले, कधी वळवळताना दिसले, तर ते कृमीचे भाग आहेत. खाजेने अंग चावताना कुत्रा पिसवा गिळतो आणि त्यांच्यातून हा कृमी पोटात जातो. त्यामुळे पिसवांचा बंदोबस्त आणि कृमीचं औषध बरोबरीने करावं लागतं. जंताच्या प्रत्येक गोळीचा पट्टकृमीवर उपयोग होत नाही. त्यासाठी प्राझिक्वांटेल असलेलं औषध लागतं, आणि त्याची मात्रा वजनावर ठरते. ती डॉक्टरांनाच ठरवू द्या. तिसरं कारण त्वचेची ॲलर्जी. अशा कुत्र्याचे पंजे आणि कानही खाजत असतात.

इथे एक सापळा आहे. अंघोळ घालणारे काही लोक दर वेळी या पिशव्या दाबून रिकाम्या करतात. निरोगी कुत्र्याला त्याची गरज नसते आणि वारंवार दाबल्याने उलट सूज येते. त्रास नसेल तर ‘ते करू नका’ असं आधीच सांगा.

नव्या लोकांना घाबरवणाऱ्या पण बऱ्याचदा साध्या असलेल्या दोन गोष्टीही सांगते. नर कुत्र्याच्या शिश्नाच्या टोकाशी थोडा पिवळसर-हिरवट स्राव दिसणं सामान्य आहे. आनंदाच्या भरात किंवा खेळताना लालसर भाग बाहेर येणं, त्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना फुगवटा दिसणं हेही सामान्य आहे, आणि नसबंदी झालेल्या नरातही ते होतं. लक्ष देऊ नका, थोड्या वेळात आत जातं.

यातलं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा:

- नर पुन्हापुन्हा पाय वर करतो पण शू होत नाही, किंवा शूमध्ये रक्त दिसतं
- बाहेर आलेला भाग अर्ध्या तासानंतरही आत गेलेला नाही
- गुदद्वाराच्या एका बाजूला गरम, दुखरी सूज आहे
- घरात नीट राहणारा मोठा कुत्रा अचानक घरात शू करायला लागला, पाणीही जास्त पितो
- मोजा, अंतर्वस्त्र किंवा सॅनिटरी पॅड गिळलं आहे

शेवटच्या बाबतीत तास मोजत बसू नका. पॅड पोटात फुगतं आणि आतडं बंद होऊ शकतं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय तर कधीच करू नका. जास्त मीठ स्वतःच जीवघेणं ठरतं.

३. नको तिथे हुंगणं

माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात असतात, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. शिवाय त्याच्या टाळूत, पुढच्या दातांच्या मागे उघडणारं एक वेगळं इंद्रिय असतं. शरीरातून बाहेर पडणारे रासायनिक संदेश ते टिपतं. आपल्या अंगावर असा गंध सोडणाऱ्या घर्मग्रंथी मुख्यतः काखेत आणि जांघेत असतात. काख त्याच्या उंचीच्या बाहेर असते, जांघ बरोबर नाकासमोर. आपण नव्या माणसाला नाव-गाव विचारतो तसंच हे आहे, आणि दुसऱ्या कुत्र्याशी ओळख करून घेताना तो हेच करतो.

पाळी चालू असलेल्या, नुकतंच बाळंतपण झालेल्या बाईच्या जवळ तो जास्त वेळ घुटमळतो, कारण तिथे गंध बदललेला असतो. यावर घरात कुणी मोठ्याने काही बोलू नये, चेष्टा तर मुळीच करू नये. कुत्र्याला शांतपणे बाजूला बोलवा, पुरे आहे. पॅड आणि डायपर उपसणं, अंतर्वस्त्रं आणि मोजे पळवणं यामागेही तोच घरच्या माणसांचा दाट वास असतो. इथे शिकवण्यापेक्षा झाकणाची पेटी आणि बंद दार जास्त काम करतं. पळवलेली वस्तू ओढून घेऊ नका. त्याचा खेळ होतो किंवा तो ती घाईने गिळतो. नाकापाशी चिकनचा तुकडा धरा, तोंड उघडलं की वस्तू उचला.

हुंगण्याला पर्याय म्हणून ‘हात’ शिकवा. आम्ही चिमीला शिकवलं ते असं. तळवा तिच्या नाकापासून चार बोटांवर, नाकाच्याच उंचीवर, उभा धरला. तिने कुतूहलाने नाक लावलं त्या क्षणी ‘शाब्बास’ म्हटलं आणि दुसऱ्या हातातला तुकडा दिला. तळवा नाकावर नेऊन टेकवायचा नाही, नाक तिनेच आणायचं. पाच-सहा वेळा झालं की थांबायचं, संध्याकाळी परत. मग तळवा थोडा डावीकडे, थोडा लांब, मग आपण उभे असताना. हे पक्कं झाल्यावरच ‘हात’ हा शब्द जोडला. आता कुणी आलं की ती पाहुण्यांच्या हाताला नाक लावते, तुकडा घेते आणि आपल्या गोधडीवर जाते. हुंगण्याची गरज भागते आणि पाहुण्यांनाही अवघडायला होत नाही.

पाहुण्यांना काय सांगायचं हेही ठरवून ठेवा, म्हणजे ऐन वेळी तारांबळ उडत नाही. “काकू, दोन मिनिटं उभ्याच राहा, त्याच्याकडे बघू नका, तो हात हुंगून जाईल.” एवढं प्रेमाने सांगितलं तर बहुतेक माणसं ऐकतात. वाकून डोक्यावर हात फिरवणारे असतील तर त्यांना आधी खुर्चीवर बसवा.

४. अंगावर चढणं

याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. नर चढतो, मादी चढते, नसबंदी झालेले चढतात, तीन महिन्यांची पिल्लंही चढतात. दर वेळी त्यात कामवासना नसते. कारणं अशी असू शकतात: खेळ अति रंगलेला, घरात खूप माणसं आल्याने उत्तेजना न झेपणं, ताण, कंटाळा, किंवा त्यातून लक्ष मिळतं हे कळलेलं. ‘तो तुमच्यावर वर्चस्व गाजवतोय, उलथा पाडून दाबून धरा’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. घाबरलेला कुत्रा अशा वेळी चावतो, आणि चावा बहुधा घरातल्या लहान मुलाला बसतो.

नसबंदीने वयात आलेल्या नरांचं चढणं, भटकणं आणि खुणेची शू बऱ्याच कुत्र्यांत कमी होते, सगळ्यांत नाही. सवय लागून वर्षं झाली असतील तर शस्त्रक्रियेनंतरही ती राहते. मोठ्या जातींमध्ये नसबंदी कोणत्या वयात करावी हे हाडांच्या वाढीवरही अवलंबून असतं, तेव्हा डॉक्टरांशी बोलून ठरवा. फक्त लाजेखातर घाई नको. गर्भाशयाचा आजार आणि नको असलेली पिल्लं टाळायला मात्र नसबंदी चांगलीच आहे.

करायचं काय? चढण्याच्या आधी खुणा दिसतात: धाप, डोळे विस्फारलेले, एकाच माणसाभोवती घिरट्या, पुढचा पंजा गुडघ्यावर. तेवढ्यातच ‘हात’ म्हणून बोलवा आणि गोधडीवर काहीतरी चघळायला द्या. चढलाच, तर हसू नका, ओरडू नका, ढकलू नका. ज्याच्या पायावर चढला असेल त्याने उठून दोन पावलं बाजूला जायचं. घरातल्या दुसऱ्याने पट्टा धरून कुत्र्याला शेजारच्या खोलीत न्यायचं, शांत होईपर्यंत, दोन-तीन मिनिटं. तिथे एकटं कोंडण्याची शिक्षा नको, आपण सोबत बसलं तरी चालतं. उत्तेजना उतरणं एवढाच त्यामागचा हेतू.

सगळ्या घरानेच एक नियम पाळायला हवा. आजोबांनी हसायचं आणि आईने रागवायचं असं चाललं तर वर्ष उलटलं तरी काही बदलत नाही.

५. घरात शू: आधी प्रकार ओळखा

बाहेरून सगळं सारखं दिसतं, म्हणून लोक एकच उपाय करतात. नीट बघितलं तर कारणं वेगवेगळी निघतात.

*नमतं घेणारी शू.* बाबा ऑफिसमधून येतात, पिल्लावर वाकतात, ते कान मागे पाडतं, पोट दाखवतं आणि थोडी शू होते. ‘मी लहान आहे, मला काही करू नका’ हे ते सांगत असतं. रागवलात तर ते आणखी नमतं आणि आणखी शू करतं. घरी आल्यावर त्याच्याकडे न बघता आत जा, पाच मिनिटांनी बाजूने, खाली बसून, छातीखाली हात लावा. बहुतेक पिल्लं वय वाढलं की यातून बाहेर येतात.

*आनंदाची शू.* शेपूट जोरात हलते, अंग वळवळतं आणि ताबा सुटतो. स्वागत शांत ठेवा, शक्य तर दाराबाहेर, व्हरांड्यात करा.

*खुणेची शू.* थोडीशी, उभ्या वस्तूवर, बहुधा पाय वर करून. नवा सोफा, पाहुण्यांची बॅग, गणपतीत दारात ठेवलेल्या चपला. बॅगा आणि चपला उंचावर ठेवा. जुने डाग शोधायला अंधारात अतिनील किरणांची छोटी टॉर्च वापरा, वाळलेली शू चमकते.

*शिकलेलंच नाही.* पिल्लू जितक्या महिन्यांचं, तितके तास फार तर धरून ठेवू शकतं, आणि जागं असताना, खेळताना त्याहून कमी. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर न्या आणि झाल्या जागी बक्षीस द्या. घरात येऊन दिलेलं बक्षीस त्याला शूशी जोडता येत नाही.

*झोपेतली गळती.* नसबंदी झालेल्या मादीची गादी झोपेत ओली होते आणि तिला पत्ताही नसतो. यावर चांगली औषधं आहेत. तिला म्हातारपणाची घाण म्हणून बाल्कनीत ठेवू नका.

*भीतीची शू.* ढोल-ताशा आणि फटाके. मिरवणुकीच्या वेळी आतल्या खोलीत पडदे ओढून, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवून बसा. दरवर्षी त्रास होत असेल तर सणाच्या आधीच डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला.

साफ करताना वर्तमानपत्राने टिपून घ्या आणि मग एन्झाइमवालं क्लीनर ओता. फिनेलने आपल्या नाकाला वास गेल्यासारखा वाटतो, त्याच्या नाकाला जात नाही. काळं फिनेल त्याच्या पंजांना आणि जिभेला बाधतंही. अमोनिया असलेलं काही नकोच. शूमध्येही तोच वास असतो, त्यामुळे जागा पुन्हा आठवते.

६. शी खाणं

किळस येते, पण हे विकृत नाही. पिल्लं लहान असताना आई त्यांची शी चाटून, खाऊन बिळातली जागा स्वच्छ ठेवते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे १६ टक्के कुत्रे वरचेवर दुसऱ्या कुत्र्यांची शी खाताना आढळले होते. त्यांचा कल मुख्यतः एक-दोन दिवसांतल्या ताज्या शीकडे होता. हार्ट यांचा अंदाज असा की ही लांडग्यांकडून आलेली सवय असावी: शीतली जंतांची अंडी संसर्ग करण्याइतकी वाढायच्या आतच ती खाऊन टाकायची, म्हणजे राहती जागा सुरक्षित. बाजारात मिळणाऱ्या ‘शी खाणं थांबवणाऱ्या’ पावडरी-गोळ्यांनी किती जणांना गुण आला, हेही त्यांनी विचारलं. यश ० ते २ टक्के.

तेव्हा त्यावर पैसे घालवू नका. शीवर तिखट टाकण्याचा सल्लाही सोडून द्या. आपल्या कुत्र्याची शी झाल्या क्षणी उचला. फिरताना नजर त्याच्या नाकाच्या चार पावलं पुढे ठेवा. ‘सोड’ शिकवा, आणि सोडल्यावर मिळणारा तुकडा खरोखर चांगला असू द्या. जंताचं औषध वेळेवर द्या. मोठा कुत्रा एकदम हे करू लागला, वजनही उतरतंय, तर पचनाचा आजार तपासून घ्या. घरात शी केल्यावर मार मिळत असेल तर तो पुरावा नाहीसा करण्यासाठीही ती खातो असं अनेक प्रशिक्षक सांगतात. मार थांबवायला एवढं कारणही पुरेसं आहे.

७. माज, जोडी अडकणं आणि खोटं गाभणपण

भाद्रपद लागला की गल्लीतल्या कुत्र्यांची धावपळ सुरू होते आणि नेमके तेव्हाच घरात गणपतीचे पाहुणे असतात. घरातली मादी मात्र वर्षात कधीही माजावर येऊ शकते. पहिला माज बहुधा सहा ते बारा महिन्यांत येतो, मोठ्या जातींत त्यानंतरही. तो साधारण तीन आठवडे टिकतो आणि बहुतेक माद्यांना सहा-सात महिन्यांनी परत येतो. आधी रक्तस्राव, मग तो फिकट होतो आणि तेव्हाच गर्भ राहण्याची शक्यता जास्त असते. ‘रक्त थांबलं, आता सोडायला हरकत नाही’ इथेच लोक फसतात. तीन आठवडे पट्ट्याशिवाय बाहेर नको, गच्चीवरही एकटी नको. घरात कुत्र्यांसाठी मिळणारे डायपर वापरा, पण दर तीन-चार तासांनी बदला.

रस्त्यावर जोडी अडकलेली दिसली की लोक दगड मारतात, पाणी ओततात. कृपा करून हे थांबवा. नराच्या शिश्नाच्या बुडाचा भाग मादीच्या आत फुगतो आणि ते साधारण पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत अडकलेले राहतात. ओढलं तर दोघांनाही गंभीर इजा होते. तुमचीच कुत्री असेल तर जवळ उभं राहून तिला स्थिर ठेवा आणि सुटल्यावर डॉक्टरांना फोन करा. मुलांनी विचारलं तर सरळ सांगा, पिल्लं व्हावीत म्हणून प्राणी असं करतात. मूल तेवढ्यावर समाधान मानतं.

माजानंतर दोनेक महिन्यांनी काही माद्या गाभण नसतानाही खेळणी गोळा करून कुशीत घेतात, कोपरा उकरतात, त्यांना दूधही येतं. स्तन पिळू नका, दूध वाढतं. बहुतेक वेळा हे तीन-चार आठवड्यांत ओसरतं. पण याच काळात मादी खूप पाणी पिते, जेवत नाही, उलट्या करते, मागून पू येतो, असं दिसलं तर तो गर्भाशयातला पू असू शकतो. काही वेळा पू बाहेर येतही नाही. रात्र असली तरी थांबू नका.

८. ताटासमोर लाळ, आणि सोडलेला वास

लॅब्रॅडॉर असेल तर थोडं समजून घ्या. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की जवळपास पाव लॅब्रॅडॉरांमध्ये ‘पीओएमसी’ या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि असे कुत्रे अन्नासाठी जास्त हपापलेले असतात. जेवायच्या वेळी त्याला गोधडीवर, चघळायला काहीतरी देऊन बसवा. आणि ताटातला घास कुणीही द्यायचा नाही, अगदी आजोबांनीही.

वास सोडण्याचं आपल्याकडचं सगळ्यात नेहमीचं कारण दूध-पोळी. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. पंधरा दिवस बंद करून बघा. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातीत खाताना हवा गिळली जाते, त्यांना हळू खायला लावणारी खाचांची थाळी मिळते.

९. ‘बघा, त्याला कळतंय चुकलं म्हणून’

हे वाक्य मी जवळपास प्रत्येक घरात ऐकलं आहे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर केलेला प्रयोग याबाबत फार बोलका आहे. मालकाने ‘हे खायचं नाही’ असं सांगून खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर त्याला सांगितलं जाई की कुत्र्याने खाऊ खाल्ला किंवा नाही खाल्ला, आणि ते दर वेळी खरं नसे. कान पाडणं, नजर चुकवणं, शेपूट पायात घालणं हा ‘अपराधी चेहरा’ मालक रागावला की दिसायचा, मग कुत्र्याने खाऊ खाल्लेला असो वा नसो. काहीच न करता ओरडा खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये तो जास्तच दिसला.

म्हणजे तुम्ही दोन तासांनी घरी येऊन फाटलेली उशी दाखवता, तेव्हा कुत्रा तुमच्या आवाजाला घाबरलेला असतो. उशीचं त्याला काही कळत नाही. अशी शिक्षा वाया जाते आणि तुमचं घरी येणंच त्याला भीतीचं होऊन बसतं.

१०. पाहुणे यायच्या दिवशी

पाहुणे यायच्या तासभर आधी लांब फेरी मारा आणि वाटेत त्याला मनसोक्त हुंगू द्या. नाक वापरून दमलेला कुत्रा घरी शांत असतो. कचरापेट्या आत, चपला-बॅगा वर, गोधडी कोपऱ्यात. बेल वाजली की त्याला हार्नेस आणि पट्टा लावलेला असावा, पट्टा मोठ्या माणसाच्या हातात. पाहुणे बसून पाणी पिऊन झाल्यावरच ‘हात’. ज्यांना कुत्र्याची भीती वाटते त्यांच्यासाठी त्याला आतल्या खोलीत ठेवा आणि ‘काही करत नाही हो’ असा आग्रह करू नका. पाहुण्यांची भीतीही खरी असते.

शेजाऱ्यांशी वाद झाला तर एवढं माहीत असू द्या: भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. त्याच सूचनांत मालकांनी शी उचलावी असंही म्हटलं आहे. पहिलं सांगायचं असेल तर दुसरं आधी पाळा.

दीड-दोन महिने हे सगळं करूनही फरक दिसत नसेल, किंवा कुत्रा गुरगुरतो, दात दाखवतो, तर प्रशिक्षक बोलवा. ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारा: “कुत्र्याने ऐकलं नाही तर तुम्ही काय करता?” उत्तरात गळ्याला आवळणारी साखळी, काटेरी पट्टा किंवा विजेचा झटका आला तर नमस्कार करून निरोप द्या. ‘आधी डॉक्टरांना दाखवलंत का, तुमच्याकडे व्हिडिओ आहे का’ असं विचारणारा भेटला तर त्याला ती वही द्या, आणि पहिल्या भेटीला घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबांसकट, बसवा.